परदेशातून येणाऱ्या स्विचगिअरचा टॅरिफ कोड कसा ठरवावा

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याचे पॅनल बांधणारे, जालन्यात रोलिंग मिल आणि फर्नेसची इलेक्ट्रिकल कामं घेणारे, लातूर-नांदेडकडे पंपांचे स्टार्टर जोडणारे असे बरेच छोटे उद्योजक आता कॉन्टॅक्टर, रिले, लिमिट स्विच, टर्मिनल ब्लॉक हा स्विचगिअरचा, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याचा आणि संरक्षणाचा, माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडून न घेता थेट बाहेरून मागवतात. पहिल्या आयातीच्या वेळी बहुतेकांची समजूत अशी असते की सप्लायरनं इनव्हॉइसवर छापलेला टॅरिफ कोड, म्हणजे ड्युटी ठरवणारा मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, बिल ऑफ एंट्रीत (कस्टम्सकडे भरायच्या आयातीच्या नोंदपत्रात) टाकायचा आणि पुढचं सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करणारा एजंट, बघेल. ही समजूत महागात पडते. कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम १७ नुसार २०११ पासून स्वयं-मूल्यांकन आहे, म्हणजे कोड, दर आणि सवलत आयातदारानं स्वतः ठरवून जाहीर करायची. सीएचए कागद भरतो तो तुमच्या वतीनं. चूक निघाली की फरकाची मागणी तुमच्या नावानं येते.

म्हणून कोड ठरवायची वेळ माल न्हावा शेव्याला उतरल्यावरची नाही, पर्चेस ऑर्डर काढण्याआधीची आहे. तो ठरतो तीन गोष्टींवरून: वस्तू काय काम करते, तिची बांधणी कशी आहे आणि ती किती व्होल्टेजसाठी बनवली आहे. ती कुठल्या मशीनमध्ये बसणार हा प्रश्न बहुतेक वेळा त्यानंतर येतो, आणि कित्येकदा येतच नाही.

पहिली पायरी: कागद जमवा

प्रत्येक पार्ट नंबरसाठी निर्मात्याची डेटाशीट, आतल्या जोडणीची आकृती आणि मालाचा स्वच्छ फोटो हाताशी हवा. वितरकाचं ब्रोशर चालत नाही, त्यात कामाच्या ओळी नसतात. डेटाशीटवर या गोष्टी अधोरेखित करा: रेटेड ऑपरेशनल व्होल्टेज, कॉइलचं किंवा कंट्रोलचं व्होल्टेज, करंट आणि युटिलायझेशन कॅटेगरी (कोणत्या प्रकारच्या भारासाठी आहे ती, जसं मोटरसाठी एसी-३), कॉन्टॅक्ट यांत्रिक आहेत की सेमीकंडक्टरचे, आणि कोणत्या मानकाखाली बनवलं आहे. माल सुटा येतोय, कशात बसवून येतोय की संच म्हणून येतोय, हेही सप्लायरकडून लेखी घ्या. एकाच मालाचा कोड या एका फरकानं बदलू शकतो.

सप्लायरचा कोड पूर्ण टाकाऊ नसतो. टॅरिफ कोडचे पहिले सहा आकडे जगभर एकच असतात, पुढचे आकडे मात्र प्रत्येक देश आपले ठरवतो. चीनचा दहा आकडी कोड असो की युरोपचा, त्यातले पहिले सहा आकडे तुमच्या निष्कर्षाशी जुळतात का एवढंच पाहा. जुळत नसतील तर ऑर्डरआधी त्याला कारण विचारा. भारताचे शेवटचे दोन आकडे तुम्हालाच आपल्या टॅरिफमधून काढावे लागतात.

दुसरी पायरी: व्होल्टेजची रेषा

स्विचिंग आणि संरक्षणाचा माल चॅप्टर ८५ मध्ये आहे. चार हेडिंग, म्हणजे चार आकडी कोड, डोक्यात पक्की ठेवा. ८५३५ म्हणजे १००० व्होल्टच्या वरचं स्विचिंग, संरक्षण आणि जोडणीचं उपकरण. ८५३६ म्हणजे तेच उपकरण, पण १००० व्होल्टपर्यंत. ८५३७ म्हणजे अशी दोन किंवा जास्त उपकरणं बसवलेलं पॅनल, बोर्ड, कन्सोल. ८५३८ म्हणजे या तिघांचे सुटे भाग.

नवख्यांची पहिली ठेच इथंच लागते. समजा पुढ्यात तीन पोल कॉन्टॅक्टरची डेटाशीट आहे. त्यावर एसी-३ ला ९ अँपिअर, ४१५ व्होल्ट. ऑपरेशनल व्होल्टेज कमाल ६९० व्होल्ट. कॉइल २३० व्होल्ट एसी, ५० हर्ट्झ. आणि खाली यूइम्प ६ केव्ही असं लिहिलेलं आहे. ६ केव्ही पाहून माणूस हा माल ८५३५ मध्ये टाकतो. यूइम्प म्हणजे इम्पल्स विदस्टँड, विजेच्या लाटेचा काही मायक्रोसेकंदांचा धक्का सोसण्याची चाचणी. उपकरण त्या व्होल्टेजवर चालत नाही. पाहायचं ते ऑपरेशनल व्होल्टेज, इथं ६९०, म्हणून ८५३६. नेमकं १००० व्होल्टचं उपकरणही ८५३६ मध्येच राहतं, कारण शब्द ‘१००० पेक्षा जास्त नसलेलं’ असा आहे.

उलट बाजूची चूक सौर कामात होते. १००० व्होल्ट डीसीचा आयसोलेटर किंवा पॅनलचा कनेक्टर ८५३६ मध्ये येतो. दिसायला हुबेहूब तसाच, पण १५०० व्होल्ट डीसीचा असेल तर ८५३५ मध्ये जातो. मोठ्या सौर प्रकल्पांत आता १५०० व्होल्टच सर्रास वापरतात. त्यामुळे जुन्या ऑर्डरचा कोड तसाच नव्या मालाला लावू नका. जालन्याच्या फर्नेससाठी ११ किंवा ३३ केव्हीचा व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर मागवत असाल तर तिथं शंका नाही, ८५३५ २१, कारण ७२.५ केव्हीखालचे ऑटोमॅटिक ब्रेकर याच सहा आकडी सबहेडिंगखाली आहेत.

तिसरी पायरी: ८५३६ च्या आत

इथं वाट फुटते ती अशी. फ्यूज ८५३६ १०. ऑटोमॅटिक सर्किट ब्रेकर ८५३६ २०, त्यात एअर सर्किट ब्रेकर २० १०, एमसीसीबी (मोल्डेड केसचा ब्रेकर) २० २०, एमसीबी (छोटा ब्रेकर) २० ३०, अर्थ लीकेजचे २० ४०. संरक्षणाची इतर उपकरणं, उदाहरणार्थ सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, ८५३६ ३० ००. रिले ६० व्होल्टपर्यंत ८५३६ ४१ ००, त्यावरचे ८५३६ ४९ ००. स्विच ८५३६ ५०. लॅम्प होल्डर ८५३६ ६१, प्लग-सॉकेट ८५३६ ६९, ऑप्टिकल फायबरचे कनेक्टर ८५३६ ७० ००. उरलेलं ८५३६ ९० मध्ये: एसी मोटर स्टार्टर ९० १०, डीसी मोटर स्टार्टर ९० २०, जंक्शन बॉक्स ९० ३०, टर्मिनल ब्लॉकसारखा जोडणीचा माल ९० ९०.

निवड करताना एक शिस्त पाळा. टॅरिफचा अर्थ लावण्याचे सर्वसाधारण नियम सहा आहेत. पहिला नियम सांगतो की हेडिंगचे शब्द आणि सेक्शन-चॅप्टरच्या नोट्स यांवरून ठरवा. सहावा सांगतो की सबहेडिंगची तुलना समान पातळीवरच करा. म्हणजे आधी ८५३५, ८५३६, ८५३७ यांत निवड, मग एक डॅशची ओळ, मग दोन डॅशची (टॅरिफमध्ये सबहेडिंगची पातळी ओळीपुढच्या डॅशवरून कळते). एकदम आठ आकडी ओळ वाचून ‘हे शब्द जुळतात’ म्हणून उडी मारली की चुकलंच समजा.

कॉन्टॅक्टरवर थोडं थांबू, कारण आयातीत संख्येनं तोच जास्त असतो. कॉइलच्या परिपथात बदल झाला की मुख्य परिपथ आपोआप जुळतो किंवा तुटतो, आणि रिलेचं वर्णन नेमकं हेच आहे. म्हणून ८५३६ ४९ ला आधार भक्कम आहे. प्रत्यक्षात ८५३६ ५० १०, म्हणजे ‘कंट्रोल अँड स्विच गिअर’, आणि ८५३६ ९० ९० या कोडनंही कॉन्टॅक्टर आलेले दिसतात. हेडिंग एकच असल्यानं ड्युटीत बहुधा फरक पडत नाही. पण एकच पार्ट नंबर जानेवारीत ४९ आणि जूनमध्ये ५० असा आला तर पोस्ट क्लिअरन्स ऑडिटमध्ये (माल सुटल्यानंतरच्या कस्टम्सच्या तपासणीत) पहिली पेन्सिल तिथंच टेकते. एक कोड ठरवा, कारण लिहून ठेवा, तोच पाळा.

छोट्या रिलेची गोष्ट वेगळी. कॉइल २४ व्होल्ट डीसी आणि कॉन्टॅक्ट २५० व्होल्ट एसी असा रिले ६० व्होल्टच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दिसतो. इथं वर्णनात फक्त ‘२४ व्होल्ट रिले’ लिहिणं म्हणजे प्रश्नाला आमंत्रण. दोन्ही व्होल्टेज लिहा आणि कोड का घेतला ते डेटाशीटच्या ओळीसह द्या.

थर्मल ओव्हरलोड रिले, कमी-जास्त व्होल्टेजचे रिले, टाइम डिले रिले हे सगळे रिलेच आहेत. ते मोटरचं संरक्षण करतात म्हणून ८५३६ ३० मध्ये ढकलू नका. लिमिट स्विच, सिलेक्टर स्विच, पूर्ण पुश बटन आणि स्विचिंग आउटपुटचा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी स्विच ८५३६ ५० मध्ये. सॉलिड स्टेट रिलेला नाव रिलेचं असलं तरी आत ऑप्टिकल जोडणीचा थायरिस्टर स्विच असेल तर तो ८५३६ ५० कडे जातो. हे जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरण टिपांत नमूद आहे. मात्र नुसता थायरिस्टर किंवा ट्रान्झिस्टर मॉड्यूल, ज्यात कंट्रोल सर्किट नाही, तो ८५४१ चा माल.

याला पैशाचीही बाजू आहे. भारत १९९७ पासून माहिती तंत्रज्ञान करारात, म्हणजे ठरावीक इलेक्ट्रॉनिक मालावर आयात ड्युटी न लावण्याच्या करारात, आहे. त्या यादीत या हेडिंगचे काही मोजके प्रकार येतात: असे ऑप्टिकल जोडणीचे एसी स्विच, ११ अँपिअरपर्यंतचे इलेक्ट्रोमेकॅनिकल स्नॅप ॲक्शन स्विच, कोॲक्सियल केबल आणि प्रिंटेड सर्किटसाठीचे प्लग-सॉकेट, तारा-केबलींचे जोडणी घटक. कराराच्या मालासाठीची सवलत अधिसूचना २४/२००५ किंवा तिच्या जागी आलेल्या अधिसूचनेतून मिळते. तिचा चालू, सुधारित मजकूर ओळीनं ओळ वाचून, तुमच्या मालाचं वर्णन शब्दशः बसलं तरच सवलत मागा. १६ अँपिअरचा मायक्रोस्विच त्या वर्णनात बसत नाही, मग तो त्याच कारखान्यातून त्याच पेटीत आला तरी.

सुटे भाग: ८५३८ ची सवय मोडा

‘पार्ट आहे ना, मग ८५३८ ९०’ हे वाक्य सर्वाधिक ऐकू येतं आणि निम्म्या वेळा चुकतं. टॅरिफच्या सेक्शन १६ ची (यंत्रं आणि विद्युत उपकरणं, चॅप्टर ८४-८५) नोट २ क्रम घालून देते. आधी पाहा, हा भाग स्वतःच चॅप्टर ८४ किंवा ८५ च्या एखाद्या हेडिंगमध्ये येणारी वस्तू आहे का. असेल तर तो त्याच हेडिंगमध्ये, कशाचाही भाग असला तरी. नसेल तरच पुढचा प्रश्न, की तो केवळ किंवा मुख्यतः ठरावीक उपकरणासाठीच आहे का. त्याचं उत्तर होय आलं तर ८५३८.

कॉन्टॅक्टरवर बसणारा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट ब्लॉक हातात घेऊन पाहा. त्याला स्वतःचे टर्मिनल असतात, आत स्प्रिंगवर हलणारे कॉन्टॅक्ट असतात, दाबलं की परिपथ जुळतो-तुटतो. ते स्वतःच स्विचिंग उपकरण आहे, म्हणून पहिला दावा ८५३६ चा. रिलेचा बेस सॉकेटही तसाच, तो जोडणीचं उपकरण म्हणून ८५३६ मध्येच राहतो. पुश बटनाचं मात्र नुसतं डोकं, ज्यात कॉन्टॅक्ट नाहीत, फक्त प्लॅस्टिक-धातूची दाबायची यंत्रणा आहे, ते ८५३८ ९० मध्ये जातं. डोकं आणि ब्लॉक जोडून आले तर पूर्ण स्विच. कॉन्टॅक्टरचे चांदीमिश्रित कॉन्टॅक्ट टिप, आर्क च्यूट (ठिणगी विझवणारा भाग) ८५३८ ९० चे. रिकामं कॅबिनेट, ज्यात उपकरण बसवलेलं नाही, ते ८५३८ १०.

स्क्रू, नट, वॉशर आणि स्प्रिंग यांना मात्र यातलं काहीच लागू नाही. हे सर्वसाधारण वापराचे भाग, सेक्शन १६ च्या नोट १ नं ते बाहेर काढलेत. लोखंडी स्क्रू ७३१८, लोखंडी स्प्रिंग ७३२०. स्विचगिअरच्या कारखान्यातून, त्याच ब्रँडच्या पिशवीतून आले म्हणून ते ८५३८ होत नाहीत.

स्टार्टर की पॅनल

मराठवाड्यात पंपाचा धंदा मोठा, त्यामुळे हा प्रश्न रोजचा. डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) स्टार्टर म्हणजे एका डब्यात कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि दोन बटनं. शब्दशः पाहिलं तर दोनपेक्षा जास्त उपकरणं एका बेसवर आली, म्हणून ८५३७ म्हणावंसं वाटतं. पण टॅरिफमध्ये एसी मोटर स्टार्टरला ८५३६ ९० १० अशी स्वतःची ओळ आहे, आणि साध्या स्विच-जोडण्या ८५३७ मध्ये धरत नाहीत. म्हणून तो तिथं. त्याच डब्याऐवजी मोठं कॅबिनेट असेल, त्यात एमसीसीबी, स्टार-डेल्टाचे तीन कॉन्टॅक्टर, टाइमर, फेज प्रिव्हेंटर, व्होल्टमीटर, अँमीटर असेल तर ते वीज नियंत्रणाचं पॅनल, म्हणजे ८५३७ १० ००. चॅप्टर ९० ची मीटर आत असली तरी हरकत नाही, हेडिंगच्या शब्दांतच ती परवानगी आहे. पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर, सुद्धा ८५३७ १० ०० मध्ये येतो.

आणखी एक सापळा: ५०० स्टार्टरचे सगळे भाग मोजून-मापून, न जोडलेल्या अवस्थेत, एकाच कन्साइनमेंटमध्ये मागवले तर नियम २(अ) लागू होतो. न जोडलेला पण पूर्ण वस्तूचं मूळ रूप असलेला माल हा पूर्ण वस्तूच धरतात. पॅकिंग लिस्टमध्ये ५०० डबे, ५०० कॉन्टॅक्टर, ५०० ओव्हरलोड, १००० बटनं असं सरळ गणित दिसत असताना प्रत्येक ओळ वेगळ्या कोडनं दाखवली तर अधिकारी ते स्टार्टर म्हणूनच वाचेल. आधीच तसं जाहीर करा.

शेजारचे चॅप्टर

तापमान राखणारा थर्मोस्टॅट ९०३२ १० चा, तो आतून स्विच असला तरी. टाइमरमध्ये दोन जाती आहेत. स्टार-डेल्टासाठी काही सेकंदांचा विलंब देणारा इलेक्ट्रॉनिक टाइमर हा टाइम डिले रिले, म्हणजे ८५३६. दिवसाची वेळ दाखवून ठरल्या वेळी पंप सुरू-बंद करणारा, घड्याळाची यंत्रणा किंवा सिंक्रोनस मोटर असलेला टाइम स्विच ९१०७ ०० ०० चा. शेतीपंपासाठी दोन्ही एकाच सप्लायरकडून येतात, म्हणून ओळी वेगळ्या ठेवा. पॅनलवरचा इंडिकेटर दिवा स्विच नसतो, त्यासाठी ८५३१ पाहा. दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली केबल ८५४४ ४२ मध्ये जाते, ८५३६ मध्ये नव्हे. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं युनिट) आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचं युनिट) हे स्टॅटिक कन्व्हर्टर, ८५०४ ४०.

गाडीचे आणि रेल्वेचे स्विच

वाळूज-शेंद्र्याच्या वाहन उद्योगाला पुरवठा करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. मोटरसायकलच्या हँडलवरचा स्विच फक्त त्याच मॉडेलला बसतो, तरीही तो ८७१४ मध्ये, म्हणजे दुचाकींच्या भागांत, जात नाही. वाहनांच्या सेक्शन १७ ची नोट २ चॅप्टर ८५ ची विद्युत उपकरणं वाहनांच्या भागांतून वगळते. म्हणून तो ८५३६ मध्ये.

मात्र २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वेस्टिंगहाऊस सॅक्सबी फार्मर प्रकरणात रेल्वे सिग्नलसाठीच बनवलेले रिले ८५३६ मध्ये न धरता ८६०८ मध्ये (रेल्वे सिग्नलची उपकरणं) धरले, त्यांचा वापर केवळ सिग्नल यंत्रणेत होतो या आधारावर. या निकालानंतर वाहनांच्या भागांबद्दल गोंधळ वाढला. सीबीआयसीनं (केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळानं) ५ जानेवारी २०२२ ला सूचना १/२०२२ काढली आणि हा निकाल सरसकट लावू नये, नोट्स आणि इतर निकालही पाहावेत असं कळवलं. तेव्हा लातूरच्या रेल्वे डबे कारखान्यासाठी साधा एमसीबी मागवणाऱ्यानं ‘रेल्वेत लागतो’ एवढ्यावर चॅप्टर ८६ मागू नये. आणि खास सिग्नलचा रिले मागवणाऱ्यानं तो इतर कुठंही वापरता येत नाही याचा निर्मात्याचा लेखी पुरावा आधी मिळवावा.

ड्युटीचा हिशोब

दर अधिसूचनांनी बदलतात, म्हणून आकडा त्या दिवशीच्या टॅरिफमधून घ्या. पद्धत मात्र पक्की आहे. मूल्य सीआयएफ, म्हणजे किंमत, विमा आणि भाडं मिळून, धरतात. भाडं कळत नसेल तर एफओबीच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के, विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के मिळवतात. हवाई भाडं कितीही झालं तरी एफओबीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात. पहिल्या नमुन्यांची पेटी विमानानं मागवणाऱ्यांना हे माहीत नसतं आणि ते विनाकारण जास्त मूल्य दाखवतात.

समजा मूल्य १,००,००० रुपये आणि बेसिक ड्युटी १० टक्के. बेसिक १०,०००. त्यावर समाजकल्याण अधिभार १० टक्के, १,०००. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के, तो १,११,००० वर, म्हणजे १९,९८०. एकूण ३०,९८०. बेसिक ७.५ टक्के असती तर ७,५०० अधिक ७५०, आयजीएसटी १९,४८५, एकूण २७,७३५. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे खरा खर्चाचा फरक ११,००० आणि ८,२५० मधला, म्हणजे लाखामागे २,७५० रुपये. पॅनलचा दर काढताना नेहमी हाच आकडा धरा, चलनावरची एकूण रक्कम नाही.

मुक्त व्यापार करारांतून बेसिक ड्युटी कमी किंवा शून्य होऊ शकते: आसियान म्हणजे आग्नेय आशियाई देश (अधिसूचना ४६/२०११), जपान (६९/२०११), कोरिया (१५२/२००९). इथं कोडचं महत्त्व दुप्पट होतं. आसियानचा सर्वसाधारण नियम ३५ टक्के स्थानिक मूल्य आणि सहा आकडी कोडात बदल असा आहे. ८५३८ ९० चे भाग आणून व्हिएतनाममध्ये ८५३६ ४९ चा कॉन्टॅक्टर जोडला तर कोड बदलतो. पण ते भाग मुळातच पूर्ण वस्तूच्या सबहेडिंगचे निघाले तर बदल झालाच नाही, आणि सवलत कोसळते. २०२० च्या कॅरोटार नियमांप्रमाणे (माल मुळात कोणत्या देशाचा हे दाखवण्याचे नियम) ही माहिती फॉर्म १ मध्ये आयातदाराकडे आयातीआधी हवी आणि पाच वर्षं जपायची. मूळ देशाच्या सर्टिफिकेटवरचे सहा आकडे आणि बिल ऑफ एंट्रीवरचे सहा आकडे एक आहेत का, हे जहाज निघण्यापूर्वी तपासा.

बीआयएस विसरू नका

कोड बरोबर असूनही माल अडतो तो बहुधा बीआयएसमुळे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणनामुळे. घरगुती स्विच (आयएस ३८५४), एमसीबी (आयएस/आयईसी ६०८९८-१), गळतीचा करंट तोडणारा आरसीसीबी (आयएस १२६४०) हा माल सक्तीच्या प्रमाणनाखाली आहे. परदेशी कारखान्याकडं बीआयएसचा परवाना आणि मालावर आयएसआय चिन्ह नसेल तर सोडवता येत नाही. सप्लायरनं दिलेलं युरोपचं सीई प्रमाणपत्र इथं उपयोगाचं नाही. आयईसी ६०९४७ च्या औद्योगिक मालासाठी त्या-त्या भागाचा गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला आहे का, हे प्रत्येक ऑर्डरआधी बीआयएसच्या संकेतस्थळावर पाहा. या आदेशांच्या तारखा पुढे-मागे होतात.

बिल ऑफ एंट्रीतलं वर्णन

२०२० पासून फेसलेस असेसमेंट आहे. तुमचा माल न्हावा शेव्यात असला तरी फाइल वाचणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. त्याला माल दिसत नाही, फक्त तुमचं वर्णन आणि ई-संचितवर (कस्टम्सच्या ऑनलाइन प्रणालीवर) चढवलेले कागद दिसतात. ‘इलेक्ट्रिकल पार्ट्स’ असं लिहिलं की प्रश्न येणारच. असं लिहा: ‘मॅग्नेटिक कॉन्टॅक्टर, ३ पोल, एसी-३ ९ अँपिअर ४१५ व्होल्ट, कॉइल २३० व्होल्ट एसी, निर्माता, मॉडेल क्रमांक, औद्योगिक मोटर नियंत्रणासाठी’. इनव्हॉइसवरही हेच शब्द यावेत म्हणून सप्लायरला नमुना आधीच पाठवा. डेटाशीट पहिल्याच वेळी चढवा, विचारायची वाट पाहू नका.

समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची बिल ऑफ एंट्री साधारणपणे जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरायची. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढं रोज १०,००० रुपये आकार. प्रश्न आला तर त्याच दिवशी उत्तर द्या, कारण सीएफएसचं (कंटेनर ठेवण्याच्या गोदामाचं) भाडं आणि कंटेनरचं डिटेन्शन (तो उशिरा परत करण्याचा आकार) वेगळं चालूच असतं. उत्तरात हेडिंगचे शब्द, लागू नोट, डेटाशीटची ओळ, या क्रमानं तीन-चार वाक्यं पुरतात. ‘आधीही याच कोडनं सोडवला’ हा आधार एकटा टिकत नाही. वाद लांबणार असं दिसलं तर कलम १८ खाली तात्पुरत्या मूल्यांकनावर माल सोडवून घेता येतो.

चूक नंतर लक्षात आली तर

ड्युटी कमी भरली असेल तर विभाग दोन वर्षांपर्यंत मागणी करू शकतो, जाणूनबुजून लपवल्याचं दिसलं तर पाच वर्षांपर्यंत, वर व्याज आणि दंड. नोटीस येण्याआधी स्वतःहून फरक आणि व्याज भरणं केव्हाही स्वस्त पडतं. २०२५ च्या वित्त कायद्यानं घातलेल्या कलम १८ए मध्ये माल सुटल्यावर आयातदारानं स्वतः नोंद सुधारण्याची सोय आहे.

ड्युटी जास्त भरली असेल तर नुसता परताव्याचा अर्ज करून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये आयटीसी प्रकरणात सांगितलं की आधी मूळ मूल्यांकन बदलून घ्या, मग परतावा मागा. अपिलाची मुदत ६० दिवस आणि परताव्याची एक वर्ष, म्हणून पहिल्या कन्साइनमेंटची बिल ऑफ एंट्री महिन्याच्या आत पुन्हा वाचून काढा.

नेहमीचा आणि मोठ्या रकमेचा माल असेल तर मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रुलिंग (आगाऊ निर्णय) प्राधिकरणाकडे आयातीआधी अर्ज करा. फी १०,००० रुपये. निर्णय अर्जदारावर आणि त्याच्या मालापुरता विभागावर बंधनकारक असतो. वर्षाला एकच पेटी मागवणाऱ्यानं यात पडू नये. दर महिन्याला कंटेनर येणाऱ्यानं मात्र हा खर्च टाळू नये.

शेवटचं काम ऑफिसातलं. टॅली किंवा ईआरपीच्या आयटम मास्टरमध्ये प्रत्येक पार्ट नंबरपुढं आठ आकडी कोड, कारणाची एक ओळ, अधिसूचना क्रमांक आणि बीआयएसची स्थिती भरा. हे रकाने अर्थसंकल्पानंतर, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तपासा. त्या दिवसांत माल वाटेवर असेल तर दराची तारीख नीट पाहा. बिल ऑफ एंट्री आगाऊ भरलेली असली तरी जहाजाच्या एंट्री इनवर्डच्या (माल उतरवायची परवानगी मिळण्याच्या) दिवशीचा दर लागतो, त्यामुळे ३० जानेवारीला भरलेल्या कागदावर फेब्रुवारीचा नवा दर येऊ शकतो. ग्राहकाला पॅनलचा भाव देताना त्या आठवड्याची कोटेशनं त्या हिशोबानं राखून द्या.